मुलूखगिरी त्यांची, टाळ्या आपल्या

२०२५ च्या दसऱ्याला संध्याकाळी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पार्किंगमधे नेहमीसारखं सोनं वाटणं चाललं होतं. आपट्याची पानं (त्यातली निम्मी कांचनाची, मंडईत हल्ली सर्रास तीच आपटा म्हणून गळ्यात मारतात), बटाटेवडे, कॉफी, आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ज्येष्ठ मंडळी. कुणीतरी टॅरिफचा विषय काढला, म्हणजे रशियाचं तेल घेतो म्हणून ट्रंपनी त्या ऑगस्टपासून आपल्यावर ५० टक्क्यांपर्यंत नेऊन ठेवला होता तो, आणि तिथून गाडी रशियावर आली. बँकेतून रिटायर झालेले एक काका वडा हातात धरून म्हणाले, "अहो आपण नुसती पानं वाटतो, खरं सीमोल्लंघन त्या पुतीननं करून दाखवलं, माणूस असावा तर असा." सगळे हसले. मी पण हसलो, खोटं कशाला सांगू.

घरी येऊन ती पानं देवापुढे ठेवताना मात्र ते वाक्य टोचायला लागलं. सीमोल्लंघन म्हणजे शब्दशः सीमा ओलांडणं. पाऊस संपला, नद्यांना उतार मिळाला, शेतं मोकळी झाली की घोडी काढायची आणि दुसऱ्याच्या मुलखात शिरायचं, त्याला मुलूखगिरी म्हणायचं, आणि येताना आणायचं ते सोनं. आपण अजून "सोनं लुटायला" जातो असंच म्हणतो की. सणाचं पान झालं हे फार बरं झालं, पण मागे जी गोष्ट आहे ती तीच आहे जी २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनमधे सुरू झाली आणि त्या दसऱ्यापर्यंत साडेतीन वर्षं झाली तरी थांबली नव्हती. आणि पुण्यात, म्हणजे ज्या गावाला मुलूखगिरीचा अभिमान बाळकडूत मिळतो तिथे, या युद्धाकडे बघताना आपण नक्की कशाला टाळ्या वाजवतो हा मला पडलेला प्रश्न आहे. सरकार काय करतं तो वेगळा मुद्दा, त्याच्याकडे येतोच.

आधी आमच्या शेजारच्या काकूंच्या मुलाबद्दल सांगतो. तो खार्किवला मेडिकलला होता, तिसऱ्या वर्षाला. खार्किव रशियाच्या सीमेपासून इतकं जवळ आहे की आपल्याला पुण्याहून लोणावळा लांब वाटेल. पहिल्या दिवशी पहाटे स्फोटांनी जाग आली, मग सहा दिवस बेसमेंट आणि मेट्रो स्टेशन, बिस्किटं, आणि पाणी पुरवून पुरवून. त्यातच कर्नाटकातला एक विद्यार्थी तिथे मारला गेला, त्याची बातमी आली तेव्हा काकू आमच्या घरी येऊन बसल्या होत्या आणि त्यांचा फोन चार्जरला लावलेलाच होता, काढायचाच नाही म्हणून. २ मार्चला आपल्या दूतावासानं सांगितलं की खार्किव ताबडतोब सोडा, गाडी मिळत नसेल तर चालत निघा, आणि पिसोचिन, बाबाय, बेझल्युदिव्का अशी गावांची नावं दिली. हा पोरगा पिसोचिनला चालत गेला, बर्फात, पाठीवर सॅक. त्याआधी स्टेशनवर ट्रेनमधे चढताना तिथल्या लोकांनी ढकलून बाहेर काढलं होतं, आधी आमची माणसं म्हणून. तो राग त्याच्या मनात अजून आहे आणि तो त्यानं का विसरावा? ऑपरेशन गंगामधे, म्हणजे तिथल्या भारतीयांना परत आणायच्या सरकारी मोहिमेत, जी सुमारे साडेबावीस हजार माणसं आली त्यातल्या कितीतरी पोरांनी असंच काहीबाही सांगितलं होतं आणि युक्रेनबद्दलची आपल्याकडची सहानुभूती तिथेच अर्धी विरली.

पण त्याच पोरानं सांगितलेली दुसरी गोष्ट कुणी फॉरवर्ड केली नाही. तो ज्या बाईंकडे भाड्यानं राहायचा त्या घरात रशियन बोलायच्या. शेजारी रशियन बोलायचे, दुकानात रशियन, रिक्षावाला, म्हणजे टॅक्सीवाला, रशियन. यानं स्वतः तिथे जाऊन जी भाषा शिकली ती रशियन, युक्रेनियन त्याला धड येतच नाही. आणि बाँब पडले ते याच शहरावर. मारिउपोलचं तेच, तेही बहुतांश रशियन बोलणारं शहर, ते तर पार भुईसपाट झालं. रशियन भाषिकांवर अत्याचार होतायत, त्यांना सोडवायला आम्ही आलो, हे जे कारण मॉस्कोनं दिलं त्याच्यावर वेगळा लेख लिहायची गरज नाही, त्या बाईंचा बेसमेंट बघितला की झालं.

आता रशियाच्या बाजूनं दिलं जाणारं दुसरं कारण, नाटो, म्हणजे अमेरिका-युरोपची लष्करी युती, ती रशियाच्या दारापर्यंत आली म्हणून. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही कारण त्यात तथ्य आहे. १९९९ ला पोलंड, हंगेरी, चेक, मग २००४ ला एकदम सात देश, त्यात थेट रशियाला चिकटलेले बाल्टिक देश, आणि २००८ ला बुखारेस्टमधे जाहीरच करून टाकलं की युक्रेन आणि जॉर्जियाही एक दिवस येणार, कधी ते सांगितलं नाही. म्हणजे रशियाला डिवचलं पण पुरतं आणि युक्रेनला संरक्षण दिलं शून्य, याहून वाईट मिश्रण काढायचं म्हटलं तरी सापडणार नाही. कुठल्याही मोठ्या देशाला दारात दुसऱ्याचं लष्कर नको असतं, आपल्याला श्रीलंकेत चिनी जहाज आलं तरी पोटात गोळा येतो.

फक्त तारखा जुळवून बघा. २०१० मधे युक्रेननं कायदाच केला होता की आम्ही कुठल्याही लष्करी गटात जाणार नाही. २०१४ च्या मार्चमधे क्रिमिया गिळला तेव्हा तो कायदा लागू होता, तो रद्द केला २०१४ च्या डिसेंबरमधे, क्रिमिया गेल्यावर नऊ महिन्यांनी. म्हणजे कागदोपत्री अलिप्त असलेल्या देशाचा लचका तोडला आणि मग तो देश पलीकडे का पळतोय म्हणून बोंब. दुसरं फिनलंड. रशियाशी १३०० किलोमीटरच्या वर सीमा असलेला देश, दुसऱ्या महायुद्धानंतर कुठल्याही लष्करी गटात न गेलेला, तो या युद्धामुळे घाबरून ४ एप्रिल २०२३ ला नाटोत गेला. मग रशियानं काय केलं, फिनलंडवर रणगाडे घातले? उलट त्या बाजूचं बरंचसं सैन्य काढून युक्रेनला नेलं. ज्या घरात चोर शिरायची खरोखर भीती असते त्या घराचा वॉचमन कुणी दुसऱ्या गल्लीत पाठवत नाही.

मग खरं कारण काय, तर माझ्या मते ते पुतीननी स्वतःच सांगितलंय आणि आपण त्यांचं कौतुक करतो पण त्यांचं ऐकत नाही ही गंमत आहे. १२ जुलै २०२१ ला त्यांनी एक लांबलचक निबंध प्रसिद्ध केला, रशियन आणि युक्रेनियन हे मुळात एकच लोक, युक्रेन नावाचा वेगळा देश हा सोव्हिएत काळातला उद्योग, असा सगळा सूर. (पुणेकराला १२ जुलै म्हटलं की १९६१ ला फुटलेलं पानशेत धरण आठवतं, बरोबर साठ वर्षांनी हा निबंध, योगायोग आहे, पण पाण्याचा विषय पुढे येणारच आहे.) जून २०२२ मधे पीटर द ग्रेटच्या जयंतीच्या वेळी म्हणाले की पीटरनं काही नवीन घेतलं नाही, आपलंच परत घेतलं, आणि आता तेच काम आमच्या वाट्याला आलंय. आणि सप्टेंबर २०२२ ला दोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरिझ्झिया, खेरसोन असे चार प्रांत आमचे म्हणून सही करून टाकली, त्यातला एकही तेव्हा पूर्ण ताब्यात नव्हता, खेरसोन शहर तर दीड महिन्यात सोडून जावं लागलं. सुरक्षेसाठी लढणारा माणूस सीमेवर चौक्या मागतो. हा सातबारा मागतोय.

"आपलंच परत घेतलं" या वाक्याची गोडी आपल्याइतकी कुणाला कळणार. १७५८ ला मराठे अटकेपर्यंत गेले. अटक आज पाकिस्तानात आहे. तंजावर, ग्वाल्हेर, बडोदा, इंदूर, ओडिशाचा मोठा भाग, कुठे ना कुठे आपलं राज्य होतं. इतिहासाच्या हिशोबानं नकाशे परत काढायचे ठरवले तर महाराष्ट्राला कार्यालय टाकायला जागा पुरणार नाही, आणि त्याच हिशोबानं दिल्ली-आग्र्याकडून, विजापूरकडून, हैदराबादकडून जे दावे येतील ते वेगळेच. युद्धाच्या तीन दिवस आधी सुरक्षा परिषदेत केनियाच्या राजदूतानं हेच फार शांतपणे मांडलं होतं. आमच्या सीमा आम्ही आखल्या नाहीत, लंडन, पॅरिस, लिस्बनमधे आखल्या गेल्या, आमचे भाऊबंद आजही सीमेपलीकडे राहतात, पण एका वंशाचा एक देश करायला निघालो असतो तर इतक्या वर्षांनी अजून रक्तपात करत बसलो असतो. मला त्या दिवसांतलं एवढंच भाषण लक्षात राहिलंय.

कुणी म्हणेल भाऊबंद पलीकडे राहतात म्हणजे काय ते तुम्हाला काय माहीत. माहीत आहे की हो, बेळगाव. महाराष्ट्राचा दावा खरा आहे असं मानणारा मी आहे, दर १ नोव्हेंबरला तिकडचे मराठी लोक काळा दिवस पाळतात तेव्हा वाईट वाटतं. महाजन आयोग १९६६ चा, सुप्रीम कोर्टातली केस २००४ पासून, तारखांवर तारखा, एसटीवर काळं फासणं, पुन्हा बंद झालेली एसटी सुरू होणं, हे सगळं रटाळ आणि चीड आणणारं आहे. पण निदान त्यापायी कुणाच्या बेसमेंटमधे पोरं बिस्किटं मोजत बसलेली नाहीत.

आणि गोव्याचं उदाहरण हमखास येतं. "आपण पण १९६१ ला गोवा घेतलाच ना सैन्य पाठवून." बरोबर. साडेचारशे वर्षांची परकी सत्ता, ती सुद्धा चौदा वर्षं बोलणी करून न हलणारी, १९५५ ला पुण्यातून सत्याग्रहींच्या तुकड्या गेल्या त्यांच्यावर गोळ्या घातलेली, हा एक भाग झाला. पण मला गोव्याची त्यापेक्षा १६ जानेवारी १९६७ ची गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्या दिवशी गोवेकरांना विचारलं गेलं की महाराष्ट्रात यायचंय का, आणि त्यांनी नाही म्हणून सांगितलं. आपल्याला झोंबलं, अजूनही काही जणांना झोंबतं, कोकणी ही मराठीचीच बोली वगैरे वाद तेव्हा जोरात होते, म्हणजे "मुळात एकच लोक" हा निबंध आपल्याकडेही लिहून तयार होता. पण नाही म्हणजे नाही, विषय संपला, आता आपण तिथे वीकेंडला जातो. युक्रेनमधे हा प्रश्न १ डिसेंबर १९९१ ला विचारून झालाय. ९० टक्क्यांच्या वर लोकांनी स्वतंत्र व्हायचं म्हटलं, दोनेत्स्क-लुहान्स्कमधे ८० टक्क्यांच्या वर, अगदी क्रिमियातसुद्धा निम्म्याहून जास्त.

पाण्याचं म्हटलं होतं ते सांगतो कारण मुलूखगिरीचा हा भाग टीव्हीवर कुणी नीट दाखवला नाही, तिकडे सगळे जनरल लोक बाण काढत बसलेले. क्रिमिया हा कोरडा भाग. त्याचं बहुतेक पाणी द्नीपर नदीवरच्या काखोव्का धरणातून कालव्यानं यायचं. २०१४ ला रशियानं क्रिमिया घेतला, युक्रेननं कालवा बंद केला. आता आपल्याकडे खडकवासल्याच्या कालव्यावरून पुणे, दौंड, इंदापूर यांच्यात दर उन्हाळ्यात काय होतं ते आठवा आणि त्यात दोन देश घाला. २०२२ ला हल्ला झाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच रशियन सैन्यानं जे काम उरकलं ते म्हणजे कालव्यावरचा बांध उडवून पाणी सोडणं. एक घास घेतला की तो पचवायला दुसरा घास लागतो, क्रिमियाला पाणी हवं म्हणून खेरसोन हवं, क्रिमियाला रस्ता हवा म्हणून मारिउपोल हवं, मग ते सांभाळायला पुढचा प्रांत.

आणि ६ जून २०२३ ला ते काखोव्का धरणच फुटलं. धरण रशियाच्या ताब्यात होतं, रशिया म्हणते आम्ही केलं नाही, युक्रेन म्हणतं तुम्हीच आतून उडवलंत, आणि ताबा कुणाचा होता हे बघता मला युक्रेनचं म्हणणं पटतं. त्या धरणात सुमारे १८ घनकिलोमीटर पाणी मावायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर सहाशे टीएमसीच्या वर. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर चारही मिळून २९ टीएमसी, आख्खं उजनी ११७. माझ्या आजीनं पानशेतच्या पुरात नारायण पेठेतलं घर सोडलं होतं, ती मरेपर्यंत पावसाळ्यात धरणाची पातळी पेपरात आधी बघायची आणि मग चष्मा काढून ठेवायची. ती असती तर तिला हे सहाशे टीएमसी सांगायची माझी हिंमत झाली नसती. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, धरण गेलं तसं त्या कालव्याचं पाणीही गेलं, ज्यासाठी आधी बांध उडवला होता.

राजा का लढतो याचं एक उत्तर मात्र आपल्या इतिहासात जास्त प्रामाणिकपणे मिळतं. पहिल्या बाजीरावाची धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली पत्रं आहेत, त्यात हा एवढा मोठा सेनानी सावकारांच्या तगाद्यानं मेटाकुटीला आलेला दिसतो. फौज ठेवायची म्हणजे कर्ज, कर्ज फेडायचं म्हणजे मोहीम, मोहिमेला अजून फौज. एकदा हे चक्र फिरायला लागलं की थांबणं जास्त महाग पडतं. आज रशियात सैन्यात भरती होणाऱ्याला गरीब प्रांतातल्या माणसानं आयुष्यात बघितले नसतील एवढे पैसे एकरकमी मिळतात, कारखाने तोफगोळे बनवण्यात गुंतलेत, २०१४ ला क्रिमिया घेतल्यावर पुतीनची लोकप्रियता ८० टक्क्यांच्या वर गेली होती आणि २०२० ला घटना बदलून २०३६ पर्यंत खुर्चीची सोय झालीये. हे सगळं कशाच्या जोरावर टिकवायचं? शेजारी आपली भाषा कळणारा, तोच धर्म पाळणारा देश निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष पाडून दाखवतो हे आपल्या लोकांनी रोज बघणं कुठल्याच खुर्चीला परवडत नाही. नाटोपेक्षा ही भीती मोठी असं मला वाटतं, सिद्ध करता येणार नाही, पण वाटतं.

आणि ज्यांच्यावर मुलूखगिरी होते त्यांना ती कशी दिसते हे बघायचं तर बंगालला जा. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा वर्षामागून वर्षं बंगालमधे शिरत होत्या. बारगीर या आपल्या शब्दाचं तिथे बर्गी झालं आणि आजही बंगाली आया न झोपणाऱ्या पोराला बर्गी येतील अशी भीती घालतात. आपण! आपल्याला शाळेत हे कुणी शिकवलं नाही, मला ते कलकत्त्याच्या एका ऑफिसमधल्या सहकाऱ्यानं हसत हसत सांगितलं आणि मी पुढचा अर्धा तास "ते नागपूरचे होते, पुण्याचे नव्हे" हे समजावत बसलो, जे खरंही आहे, नानासाहेब पेशवे १७४३ ला नवाबाकडून पैसे घेऊन रघूजींच्याच विरुद्ध तिकडे उतरले होते, पण त्याला त्याचं काय. १७५१ च्या तहात १२ लाख चौथाई आणि ओडिशा मिळालं. आपल्या पुस्तकात ती एक ओळ आहे आणि त्यांच्याकडे अंगाई. म्हणून त्या काकांच्या विनोदावर मी हसलो ते मला नंतर टोचलं.

आता बाहेरचे. युरोपनं शस्त्रं दिली, निर्बंध लावले, निर्वासितांना घरात घेतलं आणि त्याच वेळी रशियाकडून गॅसही घेत राहिले. अमेरिका आधी "लागेल तेवढे दिवस" मदत करणार होती, मग निवडणूक झाली आणि २४ फेब्रुवारी २०२५ ला, युद्धाच्या तिसऱ्या वाढदिवशी, संयुक्त राष्ट्रांत युक्रेनच्या बाजूच्या ठरावाविरुद्ध रशियाच्या बरोबरीनं मत दिलं. १५ ऑगस्ट २०२५ ला आपण झेंडावंदन करून जिलबी खात होतो तेव्हा तिकडे अलास्कात ट्रंप आणि पुतीन भेटायच्या तयारीत होते, जमिनीच्या अदलाबदलीच्या गोष्टी चाललेल्या आणि ज्याची जमीन त्याला बोलावणंच नाही. तलाठ्याकडे जाऊन परस्पर फेरफार करून घेणारे भाऊबंद आपल्याकडे गावोगाव आहेत, त्यांना हे तंत्र लगेच ओळखू येईल.

त्यामुळे पश्चिमेचा ढोंगीपणा हा मुद्दा शंभर टक्के मान्य. इराक झालं, गाझा समोर आहे. जयशंकरांनी जून २०२२ ला ब्रातिस्लाव्हात सुनावलं की युरोपचे प्रश्न ते जगाचे प्रश्न आणि जगाचे प्रश्न ते युरोपचे नाहीत ही वृत्ती सोडा, ती क्लिप मला त्या आठवड्यात किमान अकरा ग्रुपवर आली आणि मी स्वतः दोन ठिकाणी पुढे पाठवली. बोलले ते चोखच. पण एकाच्या ढोंगानं दुसऱ्याचा दरोडा धुतला जातो का? आपल्या चर्चेत नेमकं हेच होतं. युक्रेनमधे काय चाललंय यावर आपण बोलतच नसतो, अमेरिकेचं नाक कापलं गेलं याचा आनंद चाललेला असतो, आणि त्या आनंदाला खार्किवचं नाव दिलेलं असतं.

सरकारचं म्हणाल तर २ मार्च २०२२ ला १४१ देशांनी रशियाचा निषेध केला, पाच विरोधात, ३५ तटस्थ, त्या ३५ त आपण. मी त्या जागी असतो तर कदाचित तेच केलं असतं. विमाननगर, लोहगावला राहणाऱ्यांना विचारा, डोक्यावरून खिडक्या हलवत जातात ती सुखोई आहेत, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी ती पहिल्यांदा आली ती लोहगावलाच. त्यांचे सुटे भाग मॉस्कोच्या मर्जीवर, समोर चीन, २०२० चं गलवान ताजं. युद्धाआधी आपल्या कच्च्या तेलात रशियाचा वाटा अगदी दोनेक टक्के होता, तो एक तृतीयांशाच्या वर गेला कारण स्वस्त मिळत होतं, आणि इथे पेट्रोल शंभरीपार असताना महाग तेल घ्या असं सांगणारा पक्ष कुठलाच निवडून येणार नाही. काश्मीरवर, गोव्यावर, १९७१ ला, नकाराधिकार वापरून आपल्या मागे उभे राहिले ते सोव्हिएत हे ही खरं, फक्त त्या सोव्हिएतमधे युक्रेनही होतं हे आपण सोयीनं विसरतो. असो. ही सगळी गरज आहे, आणि गरज म्हणून मला ती मान्य आहे. मोदी सप्टेंबर २०२२ ला समरकंदमधे पुतीनला तोंडावर म्हणाले की हा काळ युद्धाचा नाही, ऑगस्ट २०२४ ला कीव्हलाही जाऊन आले, तेव्हा सरकारलाही ही तारेवरची कसरत आहे हे कळतं.

कळत नाही ते आपल्याला. सरकारला मॉस्कोशी व्यवहार आहे, कोथरूडच्या पार्किंगमधल्या काकांना काय आहे? त्यांना सुटे भाग मागवायचे नाहीत. घरमालकाशी जमवून घ्यावं लागतं म्हणून भाडेकरू गप्प बसतो हे समजू शकतं, पण म्हणून त्यानं मालकाचा फोटो देव्हाऱ्यात लावावा का. सरकारची मजबुरी आपण आपलं मत म्हणून मिरवायला लागलो, आणि वर त्याला स्वाभिमान म्हणायला लागलो, हे मला खटकतं.

पूर्वी असं नव्हतं. १९५६ ला सोव्हिएत रणगाड्यांनी हंगेरी चिरडली तेव्हा नेहरूंच्या सरकारनं असाच हातचं राखून पवित्रा घेतला, पण जयप्रकाश नारायण उघडपणे त्याविरुद्ध बोलले, आणि त्यांना कुणी अमेरिकेचे एजंट म्हटलं असेल तरी ते बोलायचे थांबले नाहीत. २००३ ला वाजपेयींचं सरकार अमेरिकेशी जमवून घेत होतं तरी आपल्या संसदेनं इराकवरच्या हल्ल्याची निंदा करणारा ठराव केला. म्हणजे सरकार एक बोलतंय, देश थोडं वेगळं बोलतोय, हे चालत होतं.

आणि ज्यांना "आपल्याला काय त्याचं" वाटतं त्यांनी १९६२ काढून बघावं. चीननं तेव्हा काय म्हटलं होतं? जुना मुलूख, साम्राज्यवाद्यांनी आखलेली खोटी रेषा, आमचंच आम्ही परत घेतोय. ओळखीचं वाटतंय ना. आजही अरुणाचलमधल्या गावांना, डोंगरांना चिनी नावं देऊन याद्या काढतात, नकाशा आधी बदलतो, माणसं नंतर येतात. आणि त्या ऑक्टोबरमधे आपले अलिप्त मित्र काय करत होते? बहुतेकांनी आक्रमक कोण हा शब्द तोंडातून काढला नाही, दोन्ही बाजूंनी शांतता राखावी वगैरे. घानाचे राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमांनी तर ब्रिटननं भारताला लष्करी मदत करू नये म्हणून ब्रिटिश पंतप्रधान मॅकमिलनना पत्र लिहिलं, मदतीनं युद्ध भडकेल म्हणून, हे सुद्धा हल्ली युक्रेनला शस्त्रं देण्याबद्दल रोज ऐकतो तेच. आणि आपला सदासर्वकाळचा मित्र? २५ ऑक्टोबर १९६२ च्या प्रावदानं, म्हणजे सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्रानं, अग्रलेखात चीनच्या प्रस्तावाला पाठिंबा दिला आणि आपण सीमा मानतो त्या मॅकमहोन रेषेला बदनाम म्हटलं. क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी पेच चालू होता, चीन हातचा घालवायचा नव्हता, त्यांचीही मजबुरीच होती. तवांगच्या भागात आपले जवान पातळ स्वेटरवर लढत होते त्यांना त्या मजबुरीचा काय उपयोग झाला असेल?

हे सगळं मी त्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर टाईप करायला घेतलं होतं. चौथ्या ओळीला पुसलं, कारण मधेच सेक्रेटरींनी टँकरचं बिल टाकलं आणि त्यावरून जुंपली.

मग दोन दिवसांनी पानं द्यायला काकूंकडे गेलो. मुलगा घरी होता, उरलेली वर्षं त्यानं दुसऱ्या देशात पूर्ण केली, आता इथली परीक्षा देतोय. त्या खार्किवच्या बाई अजून तिथेच आहेत, शहर सोडलं नाही, सणासुदीला याला मेसेज करतात. त्यानं फोन दाखवला. आधीचे सगळे मेसेज रशियन, तो न अडखळता वाचून दाखवत होता, मांजराबद्दल, लाईट जाते त्याबद्दल. नवीन मेसेजला मात्र थांबला. बाईंनी आता रशियन लिहायचं सोडलंय, युक्रेनियनमधेच लिहितात, स्वतःही चुकत माकत. "काय म्हणते रे?" काकूंनी आतून विचारलं.

"थांब गं," तो म्हणाला, "ट्रान्सलेटला टाकतोय."